किरायाच्या घरात दुरुस्ती कोणी करायची? इंदूरच्या मकानमालक आणि किरायेदारांसाठी सविस्तर

मराठीत शोधायला गेलं की भाड्याच्या घराबद्दलचं सगळं पुण्या-मुंबईचंच सापडतं, लीव्ह अँड लायसन्स, सोसायटीची एनओसी, महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा वगैरे, आणि मग आपल्याकडचे काका-काकू तेच वाचून किरायेदाराला ठणकावून सांगतात की नियम असा आहे. तो नियम इथे लागूच नाही हो. इंदूर मध्य प्रदेशात आहे, इथला कायदा वेगळा. आणि घरंही वेगळी, सुदामा नगर, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, वैशाली नगर कुठेही बघा, खाली मालक वर किरायेदार, एक बोरिंग, एक टंकी, एकच जिना, त्यामुळे वरच्या बाथरूममधलं पाणी थेट खालच्या देवघरात टपकतं आणि भांडण सोसायटीच्या मीटिंगमध्ये नाही, जिन्यात होतं. मी आधी बरीच वर्षं किरायानं राहिलो, आता वरचा माळा किरायानं देतो, त्यामुळे दोन्हीकडचं रडगाणं पाठ आहे. जे सांगतोय ते त्याच क्रमाने सांगतो ज्या क्रमाने गोष्टी घडतात.

आधी कायदा, थोडक्यात

पहिला म्हणजे १८८२ चा ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट, त्याचं कलम १०८. यात मालकाची आणि किरायेदाराची कर्तव्यं आहेत, पण कलम सुरूच असं होतं की करारात किंवा तिथल्या रिवाजात वेगळं ठरलं नसेल तर. म्हणजे तुमच्या किरायानाम्यात जे लिहिलंय ते आधी, कलम नंतर. याच कलमाच्या पोटकलम एफ मध्ये म्हटलंय की जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे ती त्याने नोटीस मिळूनही वाजवी वेळात केली नाही तर किरायेदार ती स्वतः करून खर्च व्याजासकट किरायातून कापू शकतो. किरायेदार मंडळी हे वाचून खूश होतात, पण "बांधील आहे" हे दोन शब्द नीट वाचा. मालक कशाकशाला बांधील आहे याची यादी त्या कलमात नाहीच! म्हणून मी परत परत सांगतो की यादी तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये पाहिजे.

किरायेदाराच्या बाजूचं कलम १०८ चं एम बघा. घर जसं मिळालं तशाच अवस्थेत ठेवायचं आणि परत करायचं, फक्त रोजच्या वापराने होणारी झीज आणि आपल्या हाताबाहेरचं संकट सोडून. मालकाला वाजवी वेळी येऊन घर बघू द्यायचं. आणि किरायेदाराच्या चुकीने काही बिघडलं असेल आणि मालकाने तशी नोटीस दिली, तर तीन महिन्यांच्या आत ते नीट करून द्यायचं.

दुसरा आपला राज्याचा, मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम १९६१. इंदूरच्या कोर्टात मकानाच्या केसेस वर्षानुवर्षं याच्याखाली चालत आल्यात. यात मात्र मकान राहण्याजोगं दुरुस्त ठेवायची जबाबदारी सरळ मालकावर टाकलीय, लेखी नोटिशीनंतरही त्याने नाही केलं तर किरायेदाराने करून किरायातून वळतं करायची सोय आहे, पण मन मानेल तेवढं नाही, वर्षाला कापायच्या रकमेला मर्यादा आहे. पाणी, लाईट यासारखी गरजेची सोय योग्य कारणाशिवाय तोडायला मालकाला मनाई आहे. आणि अशा तक्रारींसाठी रेंट कंट्रोलिंग अथॉरिटी असते, डेप्युटी कलेक्टरपेक्षा खालच्या दर्जाचा अधिकारी तिथे नसतो.

तिसरा मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्ट, जो केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ ला मंजूर केला. याच्या नावाने बरेच लोक एकमेकांना धमकावतात, पण हा नमुना आहे, राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो आपोआप कोणाला लागत नाही. तरी मला तो आवडतो, कारण त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कोणी काय दुरुस्त करायचं याची चक्क यादी दिलीय. मालकाकडे चार गोष्टी: मकानाच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींची पुताई आणि दारं-खिडक्यांचा पेंट, गरज पडेल तेव्हा पाइप बदलणं, आणि आतली-बाहेरची वायरिंग. किरायेदाराकडे नळ आणि नळाचे वॉशर, नाली साफ करणं, संडासच्या भांड्याची आणि वॉश बेसिनची दुरुस्ती, गीझर, स्विच-सॉकेट, एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच), किचनमधलं फिटिंग, कड्या-कुलपं, जाळ्या, खिडक्यांच्या काचा, आणि बाग त्याच्या ताब्यात असेल तर ती पण. हीच यादी उचला, त्यात आपल्या घराप्रमाणे बदल करा आणि किरायानाम्याला जोडा. दोघांनी सही केली की ती तुमच्यातला करारच झाली, मग राज्याने कायदा केला काय नाही केला काय.

घर घेण्याआधी, म्हणजे बयाणा देण्याआधी

घर बघायला नर्मदेच्या पाण्याच्या दिवशी जा. बहुतेक वस्त्यांत नळ एक दिवसाआड येतो, तेव्हा कळतं की वरच्या टंकीपर्यंत दाब पोचतो का मोटर लावावी लागते. बोरिंगचं पाणी वेगळं चालवून बघा, भांड्यात घेऊन वाळू द्या, पांढरा थर राहिला तर समजा की नळ, शॉवर, गीझर सगळ्यात क्षार बसणार आणि ते तुमच्या चुकीने नाही, हे आत्ताच मालकाशी बोलून घ्या.

मग कपाटं उघडा. भिंतीला टेकलेली कपाटं, सिंकच्या खालचा भाग, बाथरूमच्या मागची भिंत, आणि वरचा माळा असेल तर छत. ताजा पेंट फक्त एकाच भिंतीला किंवा एकाच कोपऱ्यात दिसला तर मी तरी विचारतोच की काका इथे काय होतं. १०८ च्या ए प्रमाणे घराच्या वापरावर परिणाम करणारा दोष जर मालकाला माहीत असेल आणि किरायेदाराला सहज दिसण्यासारखा नसेल तर सांगणं मालकाचं काम आहे. पावसाळ्यात घर बघायला मिळालं तर सोन्याहून पिवळं, सगळं लपवलेलं बाहेर येतं.

गच्चीवर नक्की जा. पाणी निघायच्या पाइपच्या तोंडाशी जाळी आहे का, तिथे हिरवं शेवाळं साचलंय का, टंकीचं झाकण आहे का, ओव्हरफ्लोचं पाणी भिंतीवरून तर उतरत नाही ना. पाच मिनिटं लागतात पण जिना चढायचा कंटाळा करतात लोक.

लाईटसाठी एमसीबीचा डबा उघडायला सांगा. त्यात आरसीसीबी किंवा ईएलसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवायला लाईट तोडणारा स्विच, आहे का बघा, ते टेस्टचं बटन दाबलं की खटकन ट्रिप झालं पाहिजे, नाही झालं तर ते नुसतं शोभेचं आहे. २००० वॉटचा गीझर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो, तो पाच-सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चालवायचा नसतो, १६ अँपिअरचा पॉइंट आणि त्याला जाड वायर पाहिजे. सॉकेटची प्लेट तपकिरी झाली असेल तर आत जळालंय, ते आधीच फोटोत घ्या.

आणि मग व्हिडिओ. मेन गेटपासून सुरू करून प्रत्येक खोली, चारही भिंती, छत, फरशी, प्रत्येक नळ उघडून बंद करून, प्रत्येक स्विच दाबून, मीटरचं रीडिंग दिसेल असं, तोंडाने बोलत बोलत की "ही किचनची खिडकी, काच तडकलेली आहे". हा व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, तारीख आपोआप राहते. आम्ही तर वर एक कागद पण करतो, सामान आणि अवस्था अशी दोन रकान्यांची यादी, दोघांच्या सह्या. किरायेदाराला वाटतं हे मालकाच्या भल्याचं, मालकाला वाटतं किरायेदाराच्या, खरं तर डिपॉझिटच्या दिवशी दोघांना हाच कागद लागतो.

किरायानाम्यात काय लिहायचं

बाजारातला छापील किरायानामा घेतला तर त्यात दुरुस्तीवर एकच ओळ असते, "छोटी मरम्मत किरायेदार करेगा, बडी मरम्मत मकान मालिक". छोटी म्हणजे किती हे कोणीच लिहीत नाही आणि सगळी भांडणं तिथेच. आकडा टाका. समजा दोघांनी ठरवलं की एका वेळेला हजार रुपयांपर्यंतची झीज-तूट किरायेदाराची, त्यावरचं मालकाचं, तर तसं लिहा, आणि हेही लिहा की तीच गोष्ट तीन महिन्यांत परत बिघडली तर ती छोटी धरायची नाही. नाहीतर काय होतं, गळकी पाइपलाइन दर महिन्याला नऊशे रुपयांत जुगाड करून जोडली जाते आणि मूळ रोग तसाच.

मुदत पण लिहा. पाणी बंद, लाईट बंद, संडास तुंबलेला, शॉक लागतोय, ही कामं चोवीस तासांत हातात घ्यायची. छतातून गळती आठ दिवसांत निदान तात्पुरती थांबवायची, पक्कं काम ऊन पडल्यावर. बाकीचं पंधरा दिवसांत. हे आकडे कायद्यातले नाहीत, आमच्या व्यवहारातले आहेत, तुम्ही आपले ठरवा. मालक जर बाहेरगावी, पुण्याला मुलाकडे किंवा अमेरिकेला राहत असेल तर इथे कोणाला फोन करायचा आणि त्याने किती रुपयांपर्यंत हो म्हणायचं ते नावासकट लिहा, कारण रात्री मोटर जळाली की काका झोपलेले असतात.

सामाईक गोष्टींना वेगळा परिच्छेद द्या. बोरिंगची मोटर, वरची टंकी, सेप्टिक टँक किंवा बाहेरचं चेंबर, जिन्यातला दिवा, मेन गेट. बोरिंगची मोटर माझ्या मते मालकाचीच, कारण ती मकानाची आहे आणि किरायेदार जाताना घेऊन जात नाही, पण मोटरचं बिल कोणाच्या मीटरवर येतं आणि ती सुरू-बंद कोण करतं हे ठरलेलं हवं. बोरिंगमध्ये पाणी नसताना मोटर तशीच फिरत ठेवून जाळली तर मग ती चूक ज्याची त्याने भरायचं.

अकरा महिन्यांचं का करतात हे पण सांगून टाकतो, एक वर्षापेक्षा जास्त मुदतीची लीज रजिस्टर करावी लागते म्हणून. अकरा महिन्यांचं असलं तरी स्टॅम्प योग्य किमतीचा असू द्या, नाहीतर ऐन वेळी कोर्टात तो कागद पुढे करताना अडचण येते. आणि पोलीस ठाण्यात किरायेदाराची माहिती देणं विसरू नका, तो दुरुस्तीचा विषय नाही पण त्याच वेळी होऊन जातो.

कोणाचं काम, हे ठरवायची माझी पद्धत

काय बिघडलं हे आधी विचारू नका, कशामुळे बिघडलं हे विचारा. तीनच कारणं असतात: वस्तू जुनी झाली, वापरून झिजली, किंवा कोणीतरी चुकीचं वापरली. जुनी झाली तर मालक. वापराने झिजली आणि छोटी आहे तर किरायेदार. चुकीने बिघडली तर ज्याची चूक तो, मग रक्कम कितीही असो. तोच नळ तिन्ही प्रकारात येऊ शकतो: वॉशर गेलं तर किरायेदार, भिंतीच्या आतली जीआय पाइप गंजून नळ हलायला लागला तर मालक, मुलाने लटकून तोडला तर किरायेदार.

सगळ्यात जास्त वाद ओलीचा, आपल्याकडे सीलन म्हणतात ती. इथे थोडा वेळ घालवणं फायद्याचं आहे कारण ओलीचं मूळ ओळखायला चुकलं की पैसे पाण्यात. मालक म्हणतो तुम्ही खिडकी उघडत नाही, किरायेदार म्हणतो तुमची भिंतच सडकी. साधी टेस्ट आहे. ओल्या जागी हाताएवढा स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे आले तर पाणी भिंतीतून येतंय, म्हणजे छत, पाइप, पाया किंवा बाहेरची भेग, मालकाचं काम. थेंब खोलीकडच्या बाजूला आले तर खोलीतल्या हवेचा दमटपणा, म्हणजे कपडे आत वाळत घालणं, एक्झॉस्ट न लावणं, ते किरायेदाराने बदलायचं. ओल कुठून चढतेय ते पण बघा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सरळ पट्टा असेल तर पायातून, छताच्या कोपऱ्यात असेल तर गच्चीतून, आणि भिंतीच्या मध्येच गोल डाग असेल तर जवळजवळ नक्की पाइप.

बाथरूमच्या फरशीतून खाली गळतंय असं वाटलं तर प्लंबरने फोडायला सुरुवात करण्याआधी हे करा: जाळीत कापड कोंबून बंद करा, फरशीवर इंचभर पाणी भरा, त्यात थोडा रंग टाका आणि चोवीस तास ठेवा, त्या वेळात बाथरूम वापरायचं नाही. खाली रंगीत पाणी उतरलं तर फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलं, मालकाचं. रंग नाही आला पण गळती चालूच आहे तर पाणी येणारी पाइप फुटलीय, ती पण मालकाची. आणि दोन्ही नाही, फक्त अंघोळीच्या वेळी गळतं, तर भिंतीच्या टाइल्सच्या फटी बघा, पांढऱ्या सिमेंटने किंवा ग्राउटने भरल्या की काम होतं, दोन-तीनशे रुपयांचा माल. आमच्याकडे वरच्या बाथरूमचं असंच झालं होतं, प्लंबर पूर्ण फरशी उखडायचं म्हणत होता आणि निघाली ती कमोडच्या मागच्या टाइलमधली करंगळी जाईल एवढी फट.

भिंतीला भेगा, यावर इंदूरकरांनी घाबरायचं कमी आणि बघायचं जास्त. माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला हातहात भेगा पडतात, त्यामुळे पाया उथळ असेल तर वरचं मकान दर वर्षी थोडं हलतं. प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक रेषा चालतात. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी, आत-बाहेर दोन्हीकडून दिसणारी भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, दर महिन्याला फोटो काढा. वाढत असेल तर मालकाने स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवायचं, पुट्टी भरणाऱ्याला नाही. छताचं प्लास्टर पडून आतला गंजलेला सरिया, म्हणजे लोखंडी सळई, दिसत असेल तर त्या खोलीत झोपू नका, आजच्या आज लेखी कळवा, आणि मालक हलत नसेल तर नगर निगमच्या झोन ऑफिसला तक्रार करता येते, जर्जर मकानांना नोटीस द्यायचं काम निगमचं आहे.

लाईटचं सोपं आहे. मीटरपासून डब्यापर्यंत आणि भिंतीतल्या वायरी, अर्थिंग, हे मालकाचं. बटन, होल्डर, ट्यूब, पंख्याचा कंडेन्सर किरायेदाराचं. एकच एमसीबी सारखा पडतोय तर आधी सगळी उपकरणं काढून एकेक लावून बघा, इस्त्री लावल्यावरच पडला तर इस्त्री खराब, काहीच न लावता पडला तर वायरिंग. किरायेदाराने एसी बसवायचा असेल तर आधी मालकाला विचारायचं, कारण तो लोड जुन्या वायरिंगवर येतो आणि भिंतीत होल पण पडतं.

गीझरवर मात्र माझं मत मॉडेल कायद्याच्या यादीपेक्षा वेगळं आहे. यादीत गीझरची दुरुस्ती किरायेदाराकडे आहे. पण आपल्या बोरिंगच्या पाण्यात क्षार इतके की एलिमेंटवर खडूसारखा थर बसतो, आणि आतला अ‍ॅनोड रॉड झिजून संपला की टाकी गंजायला लागते, हे कोणी कितीही सांभाळून वापरलं तरी टळणार नाही. म्हणून आम्ही लिहितो की वर्षातून एकदा सर्व्हिसिंग किरायेदार करेल आणि त्याचं बिल दाखवेल, एलिमेंट गेलं तर अर्धं-अर्धं, टाकीच फुटली तर मालक. सर्व्हिसिंगचं बिल नसेल तर एलिमेंट किरायेदाराचं.

नाली तुंबली तर कुठे तुंबली ते बघा. किचनच्या सिंकपासून पहिल्या चेंबरपर्यंत किरायेदार, त्यातून चहाची पत्ती आणि तेल निघणार हे मला काय तुम्हालाही माहीत आहे. चेंबर ते रस्ता मालक, आणि रस्त्यावरची लाइन भरली असेल तर निगम, त्यांच्या ३११ अ‍ॅपवर फोटो टाकून तक्रार करा आणि नंबर जपून ठेवा. वाळवी मालकाची, झुरळं किरायेदाराची. ढेकूण... ढेकणांवर कोणाचंच एकमत होत नाही, महिन्याच्या आत निघाले तर आधीचे धरा.

बिघडल्यावर, पहिल्या तासापासून

नुकसान थांबवा. पाणी असेल तर मेन व्हॉल्व्ह बंद, शॉक किंवा जळका वास असेल तर मेन स्विच बंद. मेन व्हॉल्व्ह कुठे आहे हे राहायला आलेल्या दिवशीच विचारून ठेवा. मग फोटो आणि छोटा व्हिडिओ, दुरून एक आणि जवळून एक.

नंतर फोन करा, पण फोनवर थांबू नका, लगेच मेसेज टाका. असा:

"नमस्कार काका, वरच्या बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला काल संध्याकाळपासून ओल आलीय, आज सकाळी फरशीवर पाणी उतरलं. नळ सगळे बंद आहेत तरी पाण्याचा मीटर फिरतोय, म्हणजे पाइप फुटली असावी. मेन व्हॉल्व्ह बंद केलाय, बादलीने पाणी भरतोय. फोटो पाठवलेत. उद्या दुपारपर्यंत प्लंबर पाठवता का, का मी आपल्या ओळखीचा बोलवू? खर्चाचा अंदाज आधी सांगतो, तुम्ही हो म्हटल्यावरच काम सुरू करतो."

यात काय झालं, कधीपासून, तुम्ही काय केलं, काय पाहिजे, कधीपर्यंत, आणि पैशांचं, सगळं आलं. भांडणाचा शब्द नाही. मालकाने नुसतं "हो" उत्तर दिलं तरी ते उत्तर आहे.

उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी आठवण करा, मग दोन वेगवेगळ्या मिस्त्र्यांकडून कागदावर अंदाज घेऊन पाठवा. मालकाला वाटतं किरायेदार जास्त सांगतोय, दोन कागद बघून ते वाटणं कमी होतं. एवढं करूनही काही नाही, तर स्पीड पोस्टाने नोटीस, पावती जपून. नोटिशीत दुरुस्ती कोणती, आधी कधी-कधी कळवलं, किती दिवसांत करावी, आणि नाही केली तर आम्ही करून किरायातून वळती करू, एवढं साधं लिहा. हिंदीत लिहा, पुढे ऑफिसात दाखवायला सोपं जातं. मुदत संपली की काम करा, जेवढं गरजेचं आहे तेवढंच, जुन्या नळाच्या जागी महागडा डायव्हर्टर बसवून बिल मालकाला द्यायचं नाही. पक्कं बिल घ्या, जुना पार्ट फेकू नका, मालकाला दाखवा. आणि कापताना एकदम पूर्ण किराया न कापता थोडा-थोडा कापा आणि दर वेळी हिशोब पाठवा. मोठी रक्कम असेल, म्हणजे छत वगैरे, तर स्वतःहून कापू नका, रेंट कंट्रोलिंग अथॉरिटीकडे अर्ज करा, वकिलाला एकदा भेटून घ्या.

किराया पूर्ण बंद करणं ही किरायेदाराची सगळ्यात महागडी चूक. १९६१ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये मकान खाली करवायचं पहिलंच कारण थकलेला किराया आहे, मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत भरला नाही तर मालकाला दावा लावता येतो, आणि मग तुमची गळकी भिंत बाजूला राहते. तसंच मालकाने चिडून नळ बंद करणं किंवा मीटरवरून वायर काढणं, हे केलं की त्याची बाजू कितीही खरी असो, अथॉरिटीपुढे तोच उत्तर देत बसतो.

किरायेदाराने आणखी एक करू नये, न विचारता तोडफोड. भिंत काढणं, ओट्याची जागा बदलणं, गच्चीवर पत्र्याची खोली, हे लेखी परवानगीशिवाय केलं तर ते पण खाली करवायचं कारण बनतं. खिळे ठोकायला कोणी कोर्टात जात नाही, पण ड्रिलने बाथरूमच्या टाइलमध्ये होल करताना विचारलेलं बरं, मागे पाइप असते.

मालकांनो, तुमच्यासाठी

वर्षातून दोनदा सांगून घर बघा, एकदा होळीनंतर आणि एकदा दिवाळीच्या आधी. कायदा वाजवी वेळी येऊ देतो, मॉडेल कायद्यात तर चोवीस तास आधी कळवणं आणि सूर्यास्तानंतर न जाणं असं आहे, ते लागू नसलं तरी माणुसकी म्हणून पाळा. आपलंच घर म्हणून किल्लीने दार उघडून आत शिरायचं नाही, सूनबाई घरात एकट्या असतात, लोकांना ते अजिबात आवडत नाही आणि बरोबरच आहे.

गच्चीचं काम एप्रिल-मेमध्येच काढा. वॉटरप्रूफिंग कोरड्या पृष्ठभागावरच धरतं, आणि आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस लागला की मिस्त्री मिळत नाही, मिळाला तर दुप्पट मागतो, आणि ओल्या कोब्यावर फासलेला केमिकलचा थर पुढच्या उन्हाळ्यात पापडासारखा निघतो. आधी गच्ची घासून धुवा, भेगा भरा, वाळू द्या, मग कोटिंगचे दोन हात एकमेकांना आडवे-उभे, आणि पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या भिंतीवर पण फूटभर चढवा, बहुतेक गळती त्या कोपऱ्यातूनच असते. झाल्यावर पाणी भरून दोन दिवस ठेवून बघा. मोटर, वायर, स्टार्टर हे महारानी रोडला स्वतः जाऊन आणलं तर मिस्त्रीच्या मार्जिनचा प्रश्न राहत नाही, आणि वॉरंटीचं कार्ड तुमच्या नावाने येतं.

सोडताना

महिन्या-महिन्याची लीज असेल आणि करारात वेगळं काही नसेल तर कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस लागते, करारात महिना लिहिला असेल तर महिना. सामान हलवायच्या आधी एकदा दोघांनी मिळून, आलेल्या दिवसाचा तो व्हिडिओ मोबाइलवर लावून, खोली-खोली फिरा. पेंट फिका पडणं, खिळ्यांची चार होलं, दाराच्या कडीचं पॉलिश जाणं ही झीज आहे, याचे पैसे डिपॉझिटमधून कापायचे नाहीत. भिंतीवर मुलांचे स्केचपेन, तुटलेलं कमोडचं झाकण, किचनच्या ओट्याला जळका डाग, हे कापायचं, पण वस्तूचं वय बघून. आठ वर्षं जुन्या सिंकच्या जागी नव्याची पूर्ण किंमत किरायेदाराकडून घेणं बरोबर नाही, मी तरी उरलेल्या आयुष्याएवढीच घेतो. किरायेदाराने स्वतः बसवलेला पंखा, पडद्याचे रॉड, आरओ तो काढून नेऊ शकतो, फक्त ताबा सोडायच्या आधी न्यायचं आणि भिंत होती तशी करून द्यायची.

लाईटच्या मीटरचा फोटो, नळाचं आणि कचऱ्याचं बिल ज्याच्याकडे ठरलं होतं त्याची पावती, किल्ल्या किती दिल्या होत्या आणि किती परत आल्या, हे एका कागदावर, आणि खाली कापलेल्या प्रत्येक रकमेपुढे कारण. उरलेलं डिपॉझिट त्याच दिवशी बँकेतून ट्रान्सफर करा, रोख देत असाल तर सही घेऊन, आणि लाईटचं शेवटचं बिल यायचं बाकी असेल तर तेवढ्यापुरती अंदाजाची रक्कम मागे ठेवून बिल आलं की हिशोबाचा फोटो पाठवून बाकीचं परत करा.